दारात वाचलेलं पत्रक

रागात लिहिलेलं तुमचं शेवटचं वाक्य कोणतं होतं, आणि ते ज्याला लागलं त्याचा चेहरा तुम्ही नंतर पाहिलात का?

मी पाहिला. म्हणून विचारते आहे.

सोलापुरात चैत्र उतरणीला लागला की सकाळी आठलाच रस्ता पांढरा दिसायला लागतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. मोरीत, जिन्याखाली, पलंगाच्या पायथ्याशी भरलेली पिंपं उभी असतात. खिडक्यांना ओली पोती लागतात. आमच्या पूर्व भागात या सगळ्यावर यंत्रमागांचा खडखडाट पसरलेला असतो. इथं वाढलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. वीज जाते, माग थांबतात, तेव्हाच काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटतं.

आज सकाळी समोरच्या गच्चीवर कुणीतरी चुना कालवत होतं. गरम फरशीवर पहिला हात फिरला आणि तो ओला, नाकात चढणारा वास आमच्या खिडकीतून आत आला. मी हातातली भाकरी परातीत तशीच ठेवली. तीन उन्हाळ्यांपूर्वीचे ते दिवस माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

आमचं घर पत्रकांचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं मागावर उभे होते आणि रविवारी युनियनची पत्रकं लिहीत होते. छापून उरलेले गुलाबी-पिवळे कागद घरात सगळीकडे असायचे. डब्यांखाली तेच, फडताळात तेच. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरंही त्यांचीच. गणिताच्या वहीवर ‘जाहीर निषेध’ आणि भूगोलाच्या वहीवर ‘बंधू-भगिनींनो, किती दिवस सोसणार?’ बाई वही तपासायला घ्यायच्या, मथळा वाचायच्या आणि म्हणायच्या, “हे मला विचारतेस का गं?” वर्ग हसायचा. मला मात्र अभिमान वाटायचा. ठळक टायपातलं वाक्य हे जगातलं सगळ्यात खरं वाक्य असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

अप्पांचा एक नियम होता. पत्रकात कुणाचं नाव घालून आरोप करायचा असेल, तर ते छापायच्या आधी त्या माणसाच्या दारात जायचं आणि त्याला अख्खं वाचून दाखवायचं. मग तो मालक असो, मुकादम असो, नाहीतर आपल्यातला कुणी. त्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं. खोटं निघेल ते खोडायचं. मगच छापखाना. लहानपणी मी अप्पांचं बोट धरून अशा दोन-तीन दारांत गेले आहे. एका ठिकाणी त्यांच्या अंगावर पाणी फेकलं होतं. दुसऱ्या ठिकाणी चहा मिळाला होता. परत येताना अप्पा दोन्ही वेळा सारखेच चालत होते.

मी लिहायला लागले तेव्हा छापखान्याची गरज उरली नव्हती. फोन होता. जुळणी नाही, प्रुफं नाहीत, शाई वाळायची वाट बघणं नाही. लिहिलं की गेलं. मला वाटलं, आपण वडिलांच्या पुढे गेलो.

त्या उन्हाळ्यात अप्पांच्या जुन्या कारखान्यात कामगारांच्या दोनच मागण्या होत्या. दुपारी बारा ते चार माग बंद ठेवा, तेवढे तास आम्ही सकाळी लवकर आणि संध्याकाळी भरून देऊ. आणि छपराच्या पत्र्याला चुना मारा, म्हणजे ऊन आत उतरणार नाही. त्या पत्र्याखाली दुपारी उभं राहिलं की डोक्यातून वाफ निघाल्यासारखी वाटायची. पंखा लावला तर सूत उडतं, म्हणून पंखा नाही. मालकानं मागण्यांना उत्तर दिलं नाही. त्याऐवजी त्यानं कामगारांसाठी ध्यानाचं शिबिर ठेवलं. पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ आले. त्यांनी सांगितलं, उष्णता बाहेर नसते, मनात असते.

हे ऐकून माझं डोकं फुटायची वेळ आली. आजही ते वाक्य आठवलं की कान तापतात. त्या रागाबद्दल मला आजही लाज वाटत नाही. पोळणाऱ्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या माणसाला उष्णता मनात असते असं सांगणं हा अपराध आहे. पुढच्या कुठल्याही ओळीत मी हे मागे घेणार नाही.

लाज आहे ती पुढच्या गोष्टीची. शिबिर चालू असताना बसवराजनं, म्हणजे तिथल्याच एका मागवाल्यानं, फोटो काढून मला पाठवला. पहिल्या रांगेत, मालकाच्या अगदी शेजारी, डोळे मिटून सत्तय्यामामा बसले होते. सत्तय्यामामा म्हणजे अप्पांच्या शेजारच्या मागावरचे. दोघांनी वीस वर्षं एकमेकांचे तुटलेले दोरे सांधले होते. मी बारशाला त्यांच्या मांडीवर होते. घरी तेलुगू बोलणारे, आमच्याशी मराठी बोलणारे, मला ‘बिड्डा’ म्हणणारे. बिड्डा म्हणजे लेकरू.

आणि मी लिहिलं. दहा मिनिटांत. एकही शब्द अडला नाही.

“सत्तय्याचे डोळे मिटले ते ध्यानात नव्हे, सौद्यात. पत्र्याखाली आपला भाऊ भाजत असताना पहिल्या रांगेत बसून मालकाच्या शांततेची आरती करणाऱ्या या माणसाला नीट ओळखून ठेवा.”

खाली फोटो. कामगारांच्या ग्रुपवर पाठवलं. चहाच्या टपरीपर्यंत ते माझ्याआधी पोचलं. दिवसभर फोन वाजत होता. ‘एक नंबर’, ‘तोडलंस’, ‘अप्पांची लेक शोभतेस’. मला इतकं हलकं वाटत होतं की मी जेवलेच नाही.

अप्पांपर्यंत ते पाच दिवसांनी पोचलं. त्यांना दमा होता, काम सुटलं होतं, फोनशी फारसं जमत नव्हतं. शेजाऱ्यानं त्यांना वाचून दाखवलं. घरी आले, चप्पल काढली, खुर्चीत बसून श्वास जमेपर्यंत थांबले. मग एवढंच विचारलं.

“त्याला वाचून दाखवलंस का?”

मी म्हटलं, “अप्पा, आता तसं नसतं.”

“मी काय असतं ते विचारलं न्हाई. दाखवलंस का?”

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला. “मग ते पत्रक न्हवं,” ते म्हणाले. “भिताडावर लिहितेत तसलं हाय ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. रागानेच गेले, हेही सांगते. वाचून दाखवू, त्याला काय! सत्तय्यामामा दारातल्या पायरीवर बसले होते. त्यांच्या पत्नी, नरसव्वामामी, आत उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बोटं चालूच.

“आली का पेपरवाली,” त्या म्हणाल्या. “वाच की आता तोंडावर. मोबाइलवर तर लई जोर हुता.”

मी फोन काढला आणि वाचायला लागले. दोन ओळी झाल्या. मामांनी कानामागे हात धरला. चाळीस वर्षांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि दारात उभी राहीपर्यंत आठवलं नव्हतं.

“ऐकू येईना, बिड्डा. मोठ्यानं वाच.”

मी पहिल्यापासून वाचलं.

“आणखी मोठ्यानं.”

त्या दिवशी पाणी आलं होतं, त्यामुळे बोळात सगळ्या बायका बाहेर होत्या. समोरच्या घरातली घागर नळाखालून बाजूला सरकली. कुणीतरी नळ बंद केला. मी माझं वाक्य ओरडून वाचत होते: सत्तय्याचे डोळे मिटले ते ध्यानात नव्हे. पुढचा शब्द होता ‘सौद्यात’, आणि मी थांबले. ज्या माणसाच्या मांडीवर माझं नाव ठेवलं, त्याच्या दारात उभी राहून मला तो शब्द ओरडायचा होता. माझ्यासमोर माणूस होता. त्याच्या बनियनला कापसाचे तंतू चिकटले होते. हाताच्या बोटांवर दोऱ्यानं पडलेले कापे होते. दहा मिनिटांत लिहिताना यातलं काहीही माझ्यासमोर नव्हतं.

“पुढं?” मामा म्हणाले.

मी वाचलं. शेवटपर्यंत. मोठ्यानं.

मामांनी विचारलं, “फोटू कुणी काढला?”

“बसवराजनं.”

“डोळं मिटलेलं असताना काढला. मंग चहाला गेला आसंल. संपल्यावर मी उठलो की. मालकाला म्हटलं, डोळं मिटून बगितलं, मालक, गरम मनात न्हाई, पत्र्यात हाय. तुमी हितं बाराला येऊन उभं ऱ्हावा, मंग सांगा. चुना कवा मारताव?” त्यांनी हात झटकला. “ते फोटूत कसं येईल.”

ते रोज सकाळी माग चालू करायच्या आधी पंधरा मिनिटं डोळे मिटून बसत. कितीतरी वर्षं. अप्पांना माहीत होतं, सगळ्या माग-खात्याला माहीत होतं. शिबिराच्या दिवशी त्यांना पुढे बसवलं, ते बसले. मागण्यांचा अर्जही त्यांच्याच जवळ होता. सह्या गोळा करायचं काम त्यांनी घेतलं होतं.

“आता कोण करतंय सही,” नरसव्वामामी म्हणाल्या. आता बोटं थांबली होती. “डबा खाताना यांच्याजवळ कोण बसंना. मालकाचा माणूस म्हणतेत. आर्ज तसाच हाय पिशवीत.”

“मामा, मी माफी मागते,” मी तशाच मोठ्या आवाजात म्हटलं.

“मला कशाला? ज्यांनी वाचलं त्यांस्नी सांग.” मग म्हणाले, “भाषा लई चांगली हाय तुजी. अप्पापेक्षा बी चांगली.”

आजवर मला मिळालेली सगळ्यात जड दाद ती.

मी माफीचं लिहिलं, पाठवलं. आरोप वाऱ्यासारखा गेला होता. माफी कुणी पुढे ढकलली नाही. दोघांनी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. एकानं विचारलं, ‘दबाव आला का?’

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. घामानं ओली उशी. पिंपात हात घालून उगाच उभं राहणं. मामांच्या जेवणाच्या डब्याभोवतीची रिकामी जागा, जी मी पाहिली नव्हती आणि जी मला सारखी दिसत होती. छातीत माग चालल्यासारखं व्हायचं. एका सकाळी मी मामांच्या खात्यात गेले आणि म्हटलं, “मला तुमच्यासारखं बसायला शिकवा.”

“शिकवायचं काय त्यात. बस.”

मागाशेजारी एक फळी होती. त्यावर आम्ही दोघं बसलो. तेलाचा आणि खळीचा वास. बंद मागांची रांग. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक दोरा खाली आला होता. श्वास येतो, जातो, तेवढं बघायचं, असं मामांनी सांगितलं होतं. मी डोळे मिटले आणि पंधरा मिनिटांत मनातल्या मनात तीन पत्रकं लिहिली. एक मालकावर, एक त्या पांढऱ्या कपड्यांवर, एक स्वतःवर. तिन्ही उत्तम होती.

“पळतंय मन,” मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

“पळू दे. दोरा तुटला की काय करताव आमी? माग थांबिवताव, दोन टोकं हुडकताव, गाठ मारताव, चालू करताव. दोऱ्याला शिव्या देत बसलं तर कापड कोण इणंल? दिवसातनं लई येळा तुटतोय. लई येळा जोडायचं.”

दुसऱ्या दिवशी मी वाद घातला. म्हटलं, “मामा, मालकही शांत राहा म्हणतो आणि तुम्हीही. फरक काय?”

ते हसले. “मालक म्हणतो शांत ऱ्हा, म्हंजी त्याला म्हणायचं आसतं बोलू नगा. मी बोललो का न्हाई? बसलो, उठलो, बोललो. तू बसलीच न्हाईस.”

पंधरा-वीस दिवसांत माझ्यात काहीच बदललं नाही. कुणी विचारलं तर मी असंच सांगते. चमत्कार झाला नाही, उजेड दिसला नाही. एवढंच झालं की राग येताना मला दिसायला लागला. आधी कान तापतात. मग जीभ टाळूला लागते. मग उजव्या हाताचा अंगठा शिवशिवतो, फोन शोधतो. हे मी भाकरी थापताना पाहिलं, पाण्याच्या रांगेत पाहिलं, सिटी बसमध्ये कुणी पायावर पाय दिल्यावर पाहिलं. बसायची जागा फळीच असते असं नाही, हेही तेव्हाच कळलं. पण दिसणं वेगळं आणि आवरणं वेगळं. ते वैशाखात कळलं.

दुपारचा एक वाजला असेल. मामा सह्यांसाठी पुन्हा फिरत होते, म्हणून मीही गेले होते. तीन-चार सह्या झाल्या होत्या. बाकीचे मान खाली घालून मागाकडे वळत होते. आणि बसवराज, फोटो काढणारा बसवराज, उभ्या जागी खाली बसला आणि आडवा झाला. चेहरा लाल. अंगाला घाम नाही.

मी काय केलं? मी मालकाच्या बंद केबिनकडे धावले आणि दारावर मुठी आपटत ओरडायला लागले. केबिनमध्ये कुणीही नव्हतं. कुलूप मला समोर दिसत होतं. तरी मी ओरडत होते, आणि माझी वाक्यं चांगली होती.

मामांनी काय केलं? मेन स्विच पाडला. सगळे माग थांबले. बसवराजला दोघांच्या मदतीनं दाराशी सावलीत आणलं, सदरा काढला, पिंपातलं पाणी अंगावर ओतलं, ओल्या टॉवेलनं वारा घातला. “बिड्डा, रिक्षा आण,” ते म्हणाले. मला ऐकू आलं नाही. ज्याला ऐकू येत नाही त्या माणसाचं मला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, सुताची कांडी दे म्हणावं तितक्याच शांत आवाजात: “रिक्षा आण.” तेव्हा मी पळाले.

बसवराज वाचला. पण त्याला आता पत्र्याखाली उभं राहवत नाही. घरी बसून टॉवेलांच्या घड्या घालायचं काम करतो. मी भेटायला जाते. तो फोटोचा विषय काढत नाही, मीही नाही. माझ्या पत्रकामुळे तो पडला असं मी म्हणत नाही. पडला तो पत्र्यामुळे, आणि पत्रा मालकाचा होता. पण त्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या वेळेवर झाल्या असत्या, तर एक वाजता ते माग बंद असते का? हा प्रश्न मी रोज सकाळी डोळे मिटते तेव्हा येऊन बसतो. मी त्याला हाकलत नाही. दुसरं टोक शोधते, गाठ मारते, श्वासाकडे येते. तो पुन्हा येतो.

ध्यानानं मन हलकं होतं असं सांगणारे पुष्कळ आहेत. माझं झालेलं नाही. मात्र जे जड आहे ते आता मला हातात धरता येतं. पूर्वी मी ते उचलून पहिल्या दिसेल त्याच्या अंगावर फेकत होते.

मागण्या तशाच पडून होत्या. यंदा चैत्रात मी पुन्हा पत्रक लिहिलं. मालकाचं नाव घालून. लिहायला सात दिवस लागले. रोज बसायचे, मग लिहायचे, मग खोडायचे. अप्पांनी वाचलं, मान डोलावली, म्हणाले, “आता जा.” मामा म्हणाले, “मी येतो. मला ऐकू येत न्हाई, पर मी येतो.”

मालकाच्या केबिनमध्ये मी उभी राहून ते अख्खं वाचलं. बसा म्हणाला, बसले नाही. कान तापले, जीभ टाळूला लागली, मी दोन श्वास थांबले आणि पुढे वाचलं. त्यानं मध्येच हात वर केला. म्हणाला, थंड पाण्याची सोय नाही असं लिहिलंय, ती मी मागच्या वर्षी केली आहे. मी मामांकडे पाहिलं आणि त्यांच्या कानाशी वाकून विचारलं. मामांनी मान डोलावली. खरं होतं. मी पेन काढलं आणि त्याच्यासमोर ते वाक्य खोडलं.

“आणि बाकीचं?” मी विचारलं.

मालकानं कागद पुढे ओढून पुन्हा वाचला. बाकीच्यातलं त्याला काही खोडता आलं नाही.

पत्रक गुलाबी कागदावर छापलं. एका वाक्यानं लहान. अर्जावर या वेळी सगळ्या सह्या आहेत, आणि सर्वांत वर, कारखान्यात काम करत नसूनही हट्टानं केलेली, बसवराजची. गेल्या आठवड्यात पत्र्याला चुना लागला. दुपारच्या चार तासांचं अजून ठरलेलं नाही. परवा आम्ही पुन्हा जाणार आहोत. वैशाख अजून यायचा आहे, आणि या वर्षी तो कुणाला आडवा करणार नाही, असं मला आज म्हणता येत नाही. पण परवा मी कुलूपबंद दारावर मुठी आपटणार नाही. एवढं माझ्या हातात आहे.

तुमच्याजवळही असेल असं काहीतरी. फोनमध्ये लिहून ठेवलेलं, पाठवायचं राहिलेलं. भावाला, शेजाऱ्याला, ऑफिसातल्या माणसाला, नाहीतर अख्ख्या गावाला. ते पाठवू नका असं मी सांगणार नाही. अन्याय असेल तर पाठवलंच पाहिजे. फक्त आज, हा लेख खाली ठेवल्यावर, पंधरा मिनिटं बसा. अंगठा शिवशिवेल, शिवशिवू द्या. मन पळेल, जोडा. मग उठा, ज्याचं नाव त्यात लिहिलंय त्याच्या दारात जा आणि ते त्याला वाचून दाखवा.

मोठ्यानं.